ढगे सरांचा फवारा

ढगे सर चहा बशीत ओतायचे आणि त्यावर अशी फुंकर घालायचे, की निम्मा चहा टेबलापलीकडच्या माणसाच्या अंगावर उडायचा. पलीकडे बहुतेक वेळा मीच असे. जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत जागा एवढीशी, की आम्हा दोघांना एकच टेबल होतं. माझ्याकडे तपासायला आलेली निबंधाची एकही वही त्या चहाच्या डागांवाचून परत गेली नसेल.

"अहो सर, जरा हळू!" मी ओरडायची.

"गरम हाय ना बाई. फुकल्याबिगर थंड कसा होईन?"

"हळू फुंकलं तरी होतो."

"काऊन?" लगेच डोळे बारीक करून सर विचारायचे. "हळू फुकल्यानं काऊन थंड होते, सांगा पाहू."

मी कशाला सांगते? मी वह्या गोळा करून उठायची. ह्या 'काऊन'नं, म्हणजे 'का'नं, आमच्या शाळेत सगळ्यांना पळवून लावलं होतं. हेडमास्तर म्हणाले, आज पाऊस येईलसं दिसतं, की सर म्हणणार, काऊन? शिपाई उत्तमराव म्हणाला, सर, घंटीचा आवाज आज बसल्यासारखा येतो, की झालं. उत्तमरावाला स्टुलावर चढवून, घंटा उतरवून, ती कुठं चिरली आहे ते शोधेपर्यंत तास संपून जायचा आणि तो संपल्याची घंटा वाजवायला घंटाच जागेवर नसायची.

सर वडनेर भोलजीचे. घरची शेती भावाकडे सोपवून इकडे नोकरीला आलेले. उंच, काळेसावळे, आवाज खणखणीत. चालायचे असे की बरोबरच्या माणसाला धावावं लागे. आडनाव ढगे असल्यामुळं पोरं त्यांना मागून 'ढग' म्हणत, आणि ते वर्गाकडं येताना दिसले की 'आला बे, गडगडला' असं कुजबुजत. ते सरांना ठाऊक होतं. "ढग म्हंजे काय वाईट हाय?" ते मला म्हणाले होते. "ढगातूनच सारं होते. पानी होते, तारेबी होतात. पोट्ट्यायनं नाव बराबर ठेवलं."

तारे ढगातून होतात हे मला त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. आकाशात वायूचे ढग असतात, ते थंड होऊन एका जागी दाटत जातात आणि त्यातून तारा पेटतो. हे सांगताना ते दोन्ही हातांनी हवा अशी गोळा करायचे, की त्यांच्या ओंजळीत आता काहीतरी पेटेल असं खरंच वाटायचं. मला हा माणूस फार आवडायचा. म्हणून तर त्याचा राग यायचा.

खामगावच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी कधीतरी परदेशी मासिकांचा एक गठ्ठा आणला होता. त्यातलं एक चित्र त्यांनी कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि ते कायम पिशवीत असे. काळ्या आभाळात एक पांढरा धूसर गोळा, आणि त्या गोळ्याच्या मधोमधून निघालेली एक सरळ रेघ. मला तर ते कापसाच्या बोंडात दाभण खुपसल्यासारखं दिसलं, आणि मी तसं म्हणालेही.

सर खूष झाले. "बराबर पाह्यलं तुमी. हे बोंड म्हंजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका. अब्जावधी तारे हायेत त्याच्यात. अन् हे दाभन म्हंजे तिच्या मधातून सुटलेला झपाटा. मधात काय बसेल हाय, ते अजून कोनालेच धड ठाऊक नाही. पन जे हाय ते लय जड हाय, अन् लय जोरात फेकून राह्यलं. प्रकाशाले ही रेघ ओलांडायले हजारो वर्सं लागतात, बाई!"

"बाप रे."

"बाप रे सारेच म्हनतात. हा झपाटा किती दूर गेला, किती जोरात गेला, याच्यावरच सारे लिहून राह्यले. मले सांगा, ज्या घरातून हे निंघालं, त्या घरच्या वायूचं काय होत असन?"

हाच त्यांचा प्रश्न. पुढे कित्येक वर्षं मी तो ऐकला. घरच्या वायूचं काय? कारण तो वायू म्हणजे तारे पिकवायची माती. असा झपाटा आतूनच सुटला तर माती उडून जाईल? तापून बसेल? की कुठं दाबली जाऊन तिथं एकदम तारे उगवतील? त्यांच्याजवळच्या मासिकांत उत्तर नव्हतं. पण प्रश्न मात्र ते भाजीवाल्यालासुद्धा विचारत.

माझ्यामागं त्यांचा वेगळाच लकडा होता. त्या झपाट्याला मराठीत नेमका शब्द काय, ते मी सांगायचं. मी 'झोत' सुचवला. त्यांनी मान हलवली. झोत तर विजेरीचाही असतो, त्यात जोर कुठं आहे? 'धार' सुचवली. धार म्हशीची काढतात, म्हणाले. 'पिचकारी' म्हटलं तर रंगपंचमी आठवते म्हणाले. शेवटी एक दिवस दारातूनच ओरडत आले, "सापडला बाई, सापडला! फवारा!"

"फवारा बागेत असतो, सर. नाहीतर कपाशीवर मारतात."

"मंग? तोच म्हनतो मी. नळीतून जोरात निंघते अन् पसरत जाते. माह्या पोट्ट्यायनं फवारा पाह्यला हाय. झोत कोनं पाह्यला?"

मी म्हटलं, सर, लोक घोटाळा करतील. ते म्हणाले, "काऊन?" मी हात जोडले.

आता जे सांगायचं आहे ते निर्मलाचं. तिच्या वडिलांचा, सदाशिवरावांचा, गावाबाहेर पानमळा होता. पोर अबोल, पण चलाख. त्या काळी नववीत गेलं की विषय निवडावे लागत. शास्त्र घेणारी ती एकटीच मुलगी, आणि सरांना तिचं कोण कौतुक! कौतुक होतं म्हणूनच तिच्यावर भडिमारही जास्त. एकदा त्यांनी तिला उभं करून विचारलं, रात्री आभाळ काळं काऊन दिसते? ती म्हणाली, सूर्य नसतो म्हणून. काऊन, तारे तर असतात ना? तारे दूर असतात. दूर असले म्हणून काय झालं, लय असतात ना? काऊन? पोरगी विचार करून बोलणारी, तिला दोन क्षण लागायचे. सरांना दोन क्षण धीर नव्हता. ते एकेक पाऊल पुढं येत गेले, आवाज चढत गेला, आणि ती रडत रडत वर्गाबाहेर पडली. माझा वर्ग शेजारीच होता, मी सगळं ऐकलं.

निर्मलानं शास्त्र सोडलं. त्याआधी पोरंही सोडतच होती. बाकं रिकामी होत होती, आणि जेवढी बाकं रिकामी होत तेवढा सरांचा आवाज वाढत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. मीही तिथंच होते. हेडमास्तर मोठे सज्जन, कुणाला दुखवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

"ढगे, तुमच्या शिकवण्याबद्दल प्रश्नच नाही. पण वर्गात बसतं कोण? जूनमध्ये शास्त्राला मुलं आली नाहीत तर संस्था तो वर्ग बंद करणार आहे."

"बंद? मंग पोट्टे कुठी जातीन?"

"मुलं नांदुऱ्याला जातील, खामगावला जातील."

"अन् पोट्ट्या?"

पोरींना रोज एसटीनं नांदुऱ्याला कोण पाठवणार होतं? सर उठून खिडकीशी गेले. मग वळून म्हणाले, "लोकायले शास्त्र काय असते तेच ठाऊक नाही, म्हनून पोट्टे पाठवत नाहीत. मी व्याख्यान देतो. बजाराच्या दिवशी, शाळेच्या आंगनात. साऱ्या गावाले बोलावतो."

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी हेडमास्तरांकडं पाहिलं. पोरं शास्त्राला भिऊन पळत नव्हती हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, उत्तमरावाला ठाऊक होतं, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सांगणार कोण? मी एकदा तोंड उघडलं होतं, "सर, जरा दमानं घेत जा." त्यांनी विचारलं, काऊन? आणि त्यांचा तो खराखुरा, निरागस चेहरा पाहून माझी जीभच रेटली नाही.

व्याख्यानाचा विषय त्यांनी कागदावर लिहून दिला: 'दूरच्या दीर्घिकेतील फवारा आणि त्याचा तिच्याच वायूवर होणारा परिणाम.' बाजाराच्या वाटेवरच्या फळ्यावर ते उत्तमरावाच्या हातून खडूनं लिहायचं होतं. उत्तमरावाचं अक्षर टपोरं आणि फळा लहान. दीर्घिका म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण आभाळातली काहीतरी भानगड आहे एवढं ठाऊक होतं. त्यानं आपल्या अकलेनं मजकूर आटोपशीर केला आणि झकास अक्षरात लिहून टाकलं: 'आभाळातून फवारा. होणारा परिणाम. ढगे सर सांगतील. सर्वांनी यावे.'

त्या वर्षांत संकरित कपाशीची नवलाई होती. विमानानं कपाशीवर औषध फवारतात, आपल्याकडंही विमान येणार, अशी बोलवा सगळ्या तालुक्यात होती. मग काय विचारता! बाजार उलगडता उलगडता शाळेचं आंगण भरलं. पिशव्या, टोपल्या, बैलगाड्या सगळं घेऊन माणसं आली. बायका भिंतीकडेनं बसल्या. सदाशिवराव पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या घरच्या बायांबरोबर भिंतीशी निर्मला.

सरांचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू! "पाह्यलं का बाई? लोकायले गोडी हाय. आपनच सांगत नाही." पण मी येताना फळा वाचला होता. सांगायला गेले तोवर सर बोलायला उभे राहिलेले.

त्यांनी पुठ्ठ्यावरचं चित्र उंच धरलं आणि सुरुवात केली. कन्या राशीकडं, आपल्यापासून कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर, एक दीर्घिका आहे. तिच्या मधातून फवारा सुटला आहे. लोक ऐकत होते, विमान कधी येतं याची वाट पाहत होते. विमान काही येईना. शेवटी सदाशिवराव उठले.

"सर, मी अडानी मानूस. हा फवारा आपल्या जळगावात कधी येनार हाय?"

"जळगावात? जळगावात कायले येईन?"

"मंग फळ्यावर काऊन लिहिलं? माहा पानमळा कपाशीच्या बांधाले लागून हाय. वरून औषध सोडलं तं वाऱ्यानं माह्या पानावर येईन. पान लोक कच्चंच खातात, सर. म्हनून मी इचाराले आलो."

आंगणात एकच गलका झाला. कुणी हसले, कुणी टोपल्या उचलल्या, मागून कुणीतरी म्हणालं, "उठा बाप्पा, इथं औषध नाही अन् विमानबी नाही." उत्तमराव खांबामागं लपला. सर उभेच्या उभे राहिले. त्यांचा हात चित्रासकट खाली आला. मला वाटलं, संपलं. वर्गही संपला आणि हा माणूसही संपला.

पण सर ते सरच. त्यांनी हात वर केला आणि असे गरजले की उठलेली माणसं पुन्हा बसली. "थांबा! सदाशिवराव, तुमी इचारता तेच मी इचारून राह्यलो. फवारा दूर जाते, ते ठीक हाय. पन बाजूले जे हाय, घरचं जे हाय, त्याचं काय? आता दाखवतो."

त्यांनी तयारी करून आणलेलीच होती. उत्तमरावाच्या चहाच्या चुलीतले निखारे एका घमेल्यात काढले होते, वर राखेचा थर. बाजूला पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या, काड्या. आणि घरून आणलेली लोखंडी फुंकणी. सर उकिडवे बसले. "राख म्हंजे घरचा वायू समजा. फुकनीतून येते तो फवारा. आता पाहा."

आणि सरांनी छाती भरून फुंकर मारली. तीच, चहावर मारायचे ती.

घमेल्यातली राख उठली ती थेट पहिल्या रांगेवर. सदाशिवराव पांढरे झाले. निखारे इकडेतिकडे उडाले आणि मातीत पडून विझले. सरांच्या मिशा, भुवया, टोपी, सगळं राखेनं माखलं. तेवढ्यात भिंतीकडून वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आला. त्या कधी चारचौघांत बोलायच्या नाहीत, पण फुंकणी त्यांच्या घरची होती.

"अवो, हळू फुका ना! चूल पेटवाची हाय का इझवाची? तुमची तं सवयच तशी. घरात तसंच, वर्गातबी तसंच. एवढ्या जोरानं फुकलं तं कोन राहीन समोर?"

सगळं आंगण हसलं. पोरं तर लोळायलाच लागली. सर हसले नाहीत. ते फुंकणी हातात धरून तसेच बसून राहिले. मग त्यांनी मान वर करून पाहिलं. आधी वहिनींकडं, मग पोरांकडं, मग भिंतीशी बसलेल्या निर्मलाकडं. तिच्याकडं बराच वेळ. मी त्यांच्या अगदी जवळ होते. राखेतून त्यांच्या गालावर पाण्याची एक ओळ उतरली. राख डोळ्यांत गेली म्हणून असेल, असं हेडमास्तर नंतर म्हणाले. मला तसं वाटत नाही.

घमेल्याच्या तळाशी एक निखारा उरला होता. सरांनी त्यावर पऱ्हाटीची काडी ठेवली, फुंकणी तोंडाला लावली आणि हळूच, अगदी हळू, फुंकलं. थांबले. पुन्हा फुंकलं. निखारा लाल झाला, काळवंडला, पुन्हा लाल झाला. लोक माना पुढं काढून पाहत होते. काडीनं पेट घेतला.

"दोन्हीबी होत असन," सर म्हणाले. आवाज इतका खाली, की मागच्यांनी एकमेकांना गप्प केलं. "जोराचा फवारा असन तं घरचा वायू उडून जात असन, तापून बसत असन. मंग तिथं तारे होनं बंद. जरासाक दमानं आला, कुठी दाबला गेला, तं तिथंच नवे तारेबी पेटत असन. मले नक्की ठाऊक नाही. मी आतापावतर एकच बाजू पाह्यली."

एवढंच बोलून ते खाली बसले. व्याख्यान संपलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण कुणी टिंगलही केली नाही. लोक हळूहळू गाड्या जोडायला गेले.

सदाशिवराव कपडे झटकत सरांजवळ आले. मागं निर्मला. "सर, पोट्टीले शास्त्रच घ्याचं हाय. घरी सांगत नाही, पन पुस्तकं तीच काढून बसते. पाठवतो मी. एकच सांगनं हाय, तिले रडवू नका."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. "काऊन इचारीन," ते म्हणाले. "त्याच्याबिगर मले शिकवता येत नाही. पन इचारून गप बसीन. तू आपल्या दमानं सांग. चालते?"

निर्मलानं उत्तर द्यायला दोन क्षण घेतले. सर थांबले. ती मान हलवून म्हणाली, "हाव."

जूनमध्ये वर्ग भरला. ती आली म्हणून तिच्या मैत्रिणी आल्या, फवाऱ्याची गंमत ऐकून पोरं आली. काही बापांना शेवटपर्यंत वाटत होतं की ढगे सर फवारणी शिकवतात, आणि सरांचं नाव गावात कायमचं 'फवारा सर' पडलं. संस्थेनं पुन्हा बंद करायची भाषा काढली नाही.

सर एका दिवसात बदलले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेजारच्या वर्गात बसून मी ऐकायची. आवाज चढायचा, चढत जायचा, आणि मध्येच तुटायचा. मग शांतता. त्या शांततेत ते काय करत ते मला निर्मलानं सांगितलं. प्रश्न विचारून ते पाठ फिरवत, दोन्ही हात मागं घट्ट धरत आणि कोऱ्या फळ्याकडं तोंड करून उभे राहत. बोटं पांढरी पडेपर्यंत. मला तेव्हा त्यांचा जो अभिमान वाटला तो आजही वाटतो. त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्या उभं राहण्याचा मला जास्त वाटतो. चहावरची फुंकर मात्र तशीच राहिली. ती कुठंतरी निघायलाच हवी होती, म्हणून मी वह्या पदराखाली झाकून घ्यायची आणि काही बोलायची नाही.

हल्ली वर्तमानपत्रांत कधी कधी अशा दीर्घिकांबद्दल येतं. मधल्या कृष्णविवरापासून सुटणारे झोत, हो, त्यांनी 'झोत'च लिहिलेलं असतं, घरचा वायू ढकलतात, तापवतात, त्यामुळं तारे जन्मणं थांबतं. आणि क्वचित कुठं वायू दाबला जाऊन नवे तारे पेटतात. वाचलं की मी एकटीच म्हणते, अहो सर, दोन्हीही होतं बरं का.

निवृत्त झाल्यावर सर वडनेरला शेतात राहायला गेले. निर्मला शिकली आणि आमच्याच शाळेत शास्त्राची शिक्षिका होऊन आली. सरांना मी शेवटचं पाहिलं ते तिच्या वर्गाबाहेर. बाजाराच्या दिवशी एसटीनं आले होते, म्हणाले, सहज आलो. खूप वाळले होते. वर्गाच्या खिडकीखालच्या ओट्यावर बसले. उत्तमरावानं चहा आणून दिला. मी शेजारी उभी राहिले.

आत निर्मला पोरांना विचारत होती, रात्री आभाळ काळं काऊन दिसते? कुणीतरी म्हणालं, सूर्य नसतो म्हणून. "पन तारे तं असतात ना?" ती म्हणाली. "मंग काऊन?"

वर्गात कुणी बोलेना. निर्मला गप्प उभी राहिली. इकडं सर ओट्यावरून अर्धे उठलेले, मान खिडकीकडं, तोंड उघडं, उत्तर अगदी जिभेवर. हातात चहाची बशी तशीच. मी मनात म्हटलं, गेलं आता.

सर पुन्हा खाली बसले. बशी तोंडाजवळ नेली आणि फुंकर घातली, इतकी हळू की चहावर नुसती सुरकुती आली. आत मागच्या बाकावरून एका पोरीचा बारीक आवाज आला, "बाई, मी सांगू?" सर चहा प्यायले. माझ्या वह्या तिथंच ओट्यावर होत्या, त्यांच्यावर एक थेंबही उडाला नाही.